जबाबदार खरेदी

भोसरी एमआयडीसीतल्या एका शेडवाल्याने बँकेच्या शाखांसाठी पत्र्याची कपाटं बनवली. ऑर्डरआधी पुरवठादार आचारसंहितेवर सही झाली: बालमजूर नाहीत, लाच नाही, सांडपाणी नाल्यात नाही. रास्तच आहे. (पवना-इंद्रायणीचं पाणी पाहिलेल्याने तर दोनदा सही करावी.) पैसे कधी मिळणार, एवढंच त्यात नव्हतं. २००६ चा एमएसएमई कायदा सांगतो, सूक्ष्म-लघु उद्योगाला जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्या. नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढीने व्याज मोजा. मागणार कोण? पुढची ऑर्डर हवीय ना! बिल ‘सिस्टीममध्ये’ आहे. कामगारांच्या पगारासाठी त्याने ओव्हरड्राफ्ट उचललाय. त्याच बँकेचा. व्याज मात्र सिस्टीममध्ये अडकत नाही.