कापलेल्या फेट्यांचे शास्त्र

संकेतस्थळांवर छायाचित्रे मांडण्याच्या बहुतेक पद्धतींचे मूळ कोल्हापुरात सापडते, हा दावा अन्यत्र पुराव्यानिशी मांडावा लागेल. कोल्हापुरात तशी गरज भासत नाही.

या मांडणीचा मूळ घटक 'थंबनेल', म्हणजे मोठ्या छायाचित्राची नखाएवढी प्रतिमा, आणि अशा प्रतिमांच्या ओळी-रकान्यांची जाळी म्हणजे 'ग्रिड'. शिवाजी पेठेतील वाढदिवसाच्या कोणत्याही डिजिटल बोर्डाचा खालचा भाग, जेथे शुभेच्छुकांचे चेहरे ओळीने बसवलेले असतात, हा ग्रिडचाच नमुना होय. भेद एवढाच की संकेतस्थळ सर्व चौकटी समान ठेवते, तर बोर्डावरील चेहऱ्याचा आकार वर्गणी, वय आणि तालमीतील वजन (शारीरिक वजन धरून) यांनुसार ठरतो, त्यामुळे नमस्कार कोणाला आधी करायचा हे पाहणाऱ्यास विनासायास कळते.

ग्रिडसाठी प्रतिमा चौरस कापावी लागते आणि संगणक हे काम सहसा मध्यबिंदू धरून करतो. परिणामी उभ्या छायाचित्रातून नेमका फेटा उडतो, आणि आडव्यातून दोन्ही टोकांची ती मंडळी गळतात, ज्यांना फोटोग्राफर 'आत सरका' म्हणून ओरडून थकलेला असतो. इन्स्टाग्रामने २०१० पासून धरलेला चौरसाचा हट्ट ऑगस्ट २०१५ मध्ये सोडला. त्यामागे फेटेवाल्यांचा दबाव होता, असे मात्र म्हणता येत नाही.

एकाच जागी आपोआप सरकणाऱ्या चित्रमालिकेस 'कॅरोसेल' म्हणतात. १९२० मध्ये 'सैरंध्री' हा चित्रपट पडद्यावर आणणारे कोल्हापूरचेच बाबूराव पेंटर त्याआधी नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवीत, आणि एक पडदा गुंडाळून दुसरा सोडण्याची नाटकातील रीत तत्त्वतः हीच होती. परंतु दोरी ओढणारा गडी प्रवेश संपेपर्यंत थांबत असे, तर कॅरोसेल नवरीच्या आत्याची ओळख पटत असतानाच पुढे निघून जातो.

'लाइटबॉक्स' ही मूळची निगेटिव्ह पाहण्याची, खालून उजेड देणारी काचेची पेटी. २००५ मध्ये याच नावाची एक छोटी जावास्क्रिप्ट प्रणाली आली आणि चित्रावर टिचकी मारताच मागचे पान अंधारून ते चित्र मोठे करण्याची रीत रूढ झाली. तिच्या रचनाकारांनी प्रेक्षक छायाचित्र पाहण्यासाठी येतो असे गृहीत धरले, आणि येथेच शास्त्र लंगडे पडते; कारण लग्नाचे फोटो उघडणारा पाहुणा प्रथम स्वतःला शोधतो, आणि स्वतःचे डोळे मिटलेले आढळल्यास इतरांच्या चुका शोधतो. या संशोधनास चित्र दोन बोटांनी ताणावे लागते, ज्यास कित्येक लाइटबॉक्स दाद देत नाहीत. अशा वेळी अभ्यासू नातेवाईक स्क्रीनशॉट काढतो, तो ताणतो, आणि आपल्याला दुसऱ्या पंगतीसाठी थांबवले असताना पहिल्या पंगतीत नेमके कोण जेवत होते, याची लाल वर्तुळासह नोंद भावकीच्या ग्रुपवर पाठवतो.