चूना जरा उपर आया

छत्रपती संभाजीनगरात क्रांती चौकातून रेल्वे स्टेशनकडे निघालं की उस्मानपुरा लागतो, आणि रात्रीची जेवणं उरकल्यावर इथल्या पानाच्या दुकानांपुढे एक खास जातीचा माणूस हमखास दिसतो. त्याला दर्दी म्हणू. तो स्कूटरवरून उतरत नाही, एक पाय जमिनीला टेकवून विडा हातात घेतो, आधी उलटसुलट बघतो आणि मग तोंडात सरकवतो. त्यानंतर कुणी त्याच्याशी बोलायचं नसतं. डोळे समोरच्या बंद शटरवर, एक गाल फुगलेला, भुवया कामात. शेवटी मान किंचित वर करून, पिंक सांडणार नाही अशा बेताने निकाल येतो : "भाई, आज चूना जरा उपर आया." पानवाला मान डोलावतो. शेजारचे दोघे मसाला पान खाऊन सुखाने निघून गेलेले असतात, त्यांच्या पानात काही वर आलेलं नसतं. अशा माणसाला हसणं सोपं आहे आणि त्याने तशी सोयही भरपूर करून ठेवली आहे. तरीही माझं म्हणणं असं की, चवीच्या धंद्यात मत देणाऱ्या एकंदर मंडळींत या स्कूटरवाल्याचं मत सगळ्यात भरवशाचं.

याचं पहिलं कारण म्हणजे त्याचा खिसा. दर्दी श्रीमंत नसतो. त्याचं पान साध्या पानापेक्षा थोडं महाग, म्हणजे रोज परवडेल आणि घरी सांगताना आकडा थोडा कमी करावा लागेल, इतपत. याच उस्मानपुऱ्यात तारा पान सेंटर आहे. तिथलं नवविवाहितांसाठीचं 'कोहिनूर' पान पाच हजार रुपयांचं म्हणून देशभर बातम्यांत झळकलं. कस्तुरी, केशर असा त्याचा थाट सांगतात. आता पाच हजारांचं पान खाल्लेल्या नवरदेवाला विचारा, कसं होतं? तो "एकदम भारी" म्हणणार. बिचारा दुसरं काय म्हणेल? त्याने ते एकदा खाल्लंय, आणि पाच हजार मोजल्यावर सुपारी ओली लागली असं कबूल करायला वेगळं काळीज लागतं. तुलना करायला काल खाल्लेलं पान लागतं, परवाचं लागतं, उन्हाळ्यात पाटीतली पानं मलूल झाली तेव्हाचंही लागतं. हा साठा फक्त परवडणाऱ्या किमतीतच जमतो. वर पुन्हा, स्वस्तात तक्रार करायची मुभा असते. महागात फक्त कौतुक करता येतं.

दर्दीला स्वतःची वंशावळ सांगायला आवडते आणि ती दोन घराण्यांची असते. आजोळाकडून तो त्रयोदशगुणी विडा आणतो : पान, सुपारी, चुना, कात यांच्यापासून लवंग, वेलदोडा, जायपत्री, कापूर अशी यादी सांगत जातो आणि दहाव्या जिनसाशी अडखळून पुन्हा लवंगेवर येतो. दुसरं घराणं निजामाचं. मराठवाडा 1948 च्या सप्टेंबरपर्यंत हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे पानदान आणि ते पुढे करण्याचे अदबशीर रिवाज आपल्या रक्तात आहेत, असा त्याचा दावा. त्याच्या रक्तात नेमकं काय आहे ते डॉक्टरांनी रिपोर्टमध्ये वेगळं लिहिलेलं असतं, पण ते असो. मुलखाबद्दल तो चुकत नाही. मराठी वऱ्हाडाचा विडा आणि दख्खनी दावतीचं पान एकाच ठेल्यावर मिळावं, असं हे गाव आहे खरं.

आता आक्षेप. डोळे बांधून दोन पानं दिली तर याला काही कळेल का? प्रश्न रास्त आहे. 2001 साली फ्रेडरिक ब्रोशे आणि त्याच्या सहकाऱ्यांचा बोर्डोतला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. पांढऱ्या वाइनला नुसता लाल रंग दिला आणि वाइनचं शिक्षण घेणारे विद्यार्थी तिचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत करू लागले. सिगारचे परीक्षक तर एका सिगारचे तीन भाग पाडतात आणि पहिल्यात चामडं, दुसऱ्यात कोको, तिसऱ्यात ओली माती शोधून काढतात. आमचा दर्दीही विड्याचे तीन टप्पे मानतो, त्यामुळे तोही याच पंगतीतला वाटेल. पण त्याचे शब्द तपासा. पान जून आहे. कात कच्चा आहे. सुपारी जाड कातरलीय. चुना वर आलाय. यातला प्रत्येक शब्द समोरच्या माणसाला कामाला लावतो. सिगारमध्ये चामडं कमी पडलं, हे ऐकून वळणाऱ्याने करायचं काय? पानवाला मात्र चुन्याचं बोट आखडतं घेतो, आणि उद्या कळतं निकाल बरोबर होता की नुसता रुबाब. ज्या मताची दुसऱ्या दिवशी परीक्षा होते, त्याला फार थापा मारता येत नाहीत.

कुणी म्हणेल, रोज चुन्याने भाजलेल्या जिभेला कसली आलीय चव? हे मात्र मला मान्य आहे. लवंग जीभ बधिर करते, चुना पोळतो. म्हणूनच दर्दी अर्धा निकाल दातांनी देतो. चांगलं मघई पान विरघळतं, जून पानाच्या शिरा शेवटपर्यंत दाढेत घोळत राहतात. विड्याचा चोथा किती उरला हे कळायला रसिकता लागत नाही, दाढा लागतात, आणि त्या अजून शाबूत आहेत याचाही त्याला गर्व असतो.

शेवटचा आक्षेप पुसता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 साली तंबाखू नसलेला विडाही माणसाला कर्करोग देणाऱ्या पदार्थांत घातला, सुपारीही त्यातच. "मी तंबाखू खात नाही" ही दर्दीची ढाल तेव्हाच फुटली. पारख अचूक आणि हिशेब चुकीचा, असे लोक असतात. बायको कात्रण पुढे ठेवते, मुलगी मोबाइलवर वाचून दाखवते, तेव्हा तो वाद घालत नाही. त्या रात्री उस्मानपुऱ्यात जाऊन गंभीरपणे सांगतो, "भाई, आजसे सुपारी एकदम कम." पानवाला खरंच कमी करतो. दर्दी बंद शटरकडे बघत चावतो, गाल बदलतो, मान वर करतो आणि म्हणतो, "पान में दम नहीं रहा भाई, सुपारी बदली क्या?"