उरला तो जिंकला

टेनेसीतल्या लाझरस लेक नावाच्या गृहस्थांनी एक शर्यत काढली, बॅकयार्ड अल्ट्रा. दर तासाला 6.7 किलोमीटरचा तोच फेरा. शिट्टी झाली की पुन्हा रेघेवर, एकटा उरेपर्यंत. बाकी सगळे, दुसरा आलेलासुद्धा, ‘शर्यत अपूर्ण’. 2023 मध्ये हार्वी लुईसने 108 फेरे मारले, म्हणजे साडेचार दिवस! प्रतिस्पर्धी बसला की त्याच्यापेक्षा एकच फेरा जास्त मारायचा; पुढे पळायची मुभाच नाही.

ही शर्यत धाराशिव जिल्ह्यातल्या येरमाळ्यात जरूर आणा. बालाघाटचे डोंगर आयते आहेत. चैत्री पौर्णिमेच्या यात्रेत येडेश्वरी देवीचे भक्त भर उन्हात चुनखडी वेचतात, सराव तिथेच होतो.

त्याहून तयारीचा गडी म्हणजे सातबाऱ्यावरचं चुकलेलं नाव दुरुस्त करायला निघालेला शेतकरी. पिशवीत भाकरी, प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद. ‘साहेब मीटिंगला गेलेत’ हा एक फेरा, ‘सर्व्हर डाऊन’ हा दुसरा. किती फेरे, हे लेकसाहेबांसारखं इथेही कुणी सांगत नाही. फरक एवढाच, की तिकडे शिट्टी वेळेवर वाजते.

तेव्हा आयोजकहो, खुशाल या. फक्त नावनोंदणीला आधारकार्डाच्या दोन झेरॉक्स मागू नका. पहिला फेरा त्यातच जाईल.