धर्मरक्षक कसे व्हावे : रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातल्या होतकरूंसाठी

शिक्षण झालं, नोकरी नाही, आणि पार्षदाचं तिकीट हवंय? नाली आणि नळाच्या भानगडीत पडू नका. तिथं लोक हिशेब मागतात. त्यापेक्षा ख्रिस्ती प्रश्न हाती घ्या.

१. एकाही ख्रिस्ती माणसाशी ओळख करून घेऊ नका. तो कुठल्या शाळेत शिकवतो, त्याची मुलगी कुठं नर्स आहे, हे कळलं की भाषणाचा जोर जातो. २०११च्या जनगणनेत छत्तीसगडात ख्रिस्ती १.९२ टक्के निघाले, त्यामुळे ओळख टाळणं अवघड नाही. आकडा मात्र तोंडातून काढू नका. 'झपाट्यानं' म्हणावं.

२. 'तांदूळ देऊन बाटवतात' हे वाक्य घोटून ठेवा. याच राज्यात तांदूळ वाटून डॉ. रमण सिंह 'चाऊरवाले बाबा' झाले आणि पंधरा वर्षं मुख्यमंत्री राहिले, असं एखादा खवचट श्रोता म्हणेलच. त्याला शांतपणे समजवा : पाद्र्याचा तांदूळ हे आमिष, सरकारचा तांदूळ ही योजना.

मराठी मंडळींसमोर जरा जपून. रेव्हरंड ना. वा. टिळक, चांगले कोकणस्थ ब्राह्मण, कामाच्या शोधात राजनांदगावला निघाले होते. आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशानं त्यांच्या हातात बायबल ठेवलं आणि १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. राजनांदगाव इथून जेमतेम सत्तर किलोमीटर, आणि सगळ्या प्रकरणात तांदळाचा दाणा नाही. पहिल्या रांगेत 'स्मृतिचित्रे' वाचलेल्या एखाद्या आजी दिसल्या, तर सरळ गोरक्षणावर या.

३. कडक कायदा मागा. कायदा १९६८पासून आहे, हे ज्याला ठाऊक असतं तो सभेला येत नाही. नागपूरच्या न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगींच्या समितीनं १९५६ सालीच मिशनऱ्यांवर अहवाल दिला. तेव्हा मुख्यमंत्री होते आपल्या रायपूरचेच पं. रविशंकर शुक्ल, काँग्रेसचे. कायद्याला आव्हान देणारे रेव्हरंड स्टॅनिस्लॉसही रायपूरचेच. १९७७ साली ते सर्वोच्च न्यायालयात हरले. धर्मप्रचाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असा निकाल लागला. म्हणजे तुमची मागणी पन्नास वर्षांपूर्वीच मान्य झालेली आहे. तरी मागा. अशा मागणीत अपयशाची भीती नसते.

४. भूगोल कच्चा ठेवू नका. जुलै २०२५मध्ये दुर्ग स्टेशनवर केरळच्या दोन नन्सना मानवी तस्करी आणि धर्मांतराच्या आरोपाखाली अटक झाली. भाजपच्या इथल्या मुख्यमंत्र्यांनी आरोपांचीच री ओढली. त्याच पक्षाचे केरळमधले नेते नन्सच्या सुटकेसाठी धावपळ करत होते. तिकडे ख्रिस्ती मतं आहेत, इकडे नाहीत. भाषण लिहिण्याआधी मतदारयादी बघा. बायबल किंवा गीता बघायची गरज पडत नाही.

५. काँग्रेसचं तिकीट हवं असेल तरी निराश होऊ नका. सप्टेंबर २०२१मध्ये, काँग्रेसच्याच राज्यात, आपल्या शेजारच्या पुरानी बस्ती ठाण्याच्या आत एका पास्टरला मारहाण झाली. पुढच्याच महिन्यात मुख्यमंत्री चंदखुरीत कौसल्यामातेच्या मंदिराच्या सोहळ्याला हजर होते. कृती लक्षात ठेवा : निषेध तोंडी, दर्शन फोटोसह.

६. जिवंत माणसं उलट उत्तर देतात, कोर्टात जातात, केरळचे खासदार बोलावतात. बिचाऱ्या नवशिक्याला हे झेपत नाही. त्यानं मेलेल्यापासून सुरुवात करावी. बस्तरच्या छिंदवाडा गावात ७ जानेवारी २०२५ला एक पास्टर वारले. मुलाला त्यांना गावातच पुरायचं होतं, गावकऱ्यांचा विरोध होता. प्रेत शवागारात, मुलगा उच्च न्यायालयात, तिथून सर्वोच्च न्यायालयात. २७ जानेवारीला दोन न्यायमूर्तींनी दोन वेगळे निकाल दिले. एक म्हणाल्या, कुटुंबाच्या खासगी जमिनीत पुरा. दुसरे म्हणाले, ख्रिस्त्यांसाठी नेमलेल्या जागेत पुरा. प्रेत आणखी किती दिवस ठेवायचं, म्हणून प्रकरण मोठ्या पीठाकडे पाठवलं नाही. वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या करकापालच्या ख्रिस्ती दफनभूमीत, पोलीस बंदोबस्तात दफन करावं, असा आदेश झाला.