पुरातत्त्वाच्या सरांना निरोप कसा द्यावा: नवशिक्यांसाठी

साहित्य: निवृत्त होणारे सर, 1 नग. माजी विद्यार्थी, ग्रुपवर 'नक्की येतो' म्हणणाऱ्यांच्या निम्मे. शाल, श्रीफळ, मोजपट्टी, कोऱ्या चिठ्ठ्या.

स्थळ: जव्हार. हॉल घेऊ नये, सर फरशीचं वय काढत बसतात.

कृती:

1. मोखाड्याच्या रस्त्याला लागा. डोंगर कापलेला दिसला की सर 'थांबव' म्हणतील. थांबवा. खाली काळा कातळ, वर मुरूम, त्यावर वीतभर माती. पन्नाशीची मंडळी आपसूक उकिडवी बसतील, एखादा मोजपट्टी लावेल. समारंभ सुरू झाला.

2. रानात वाघोबा भेटेल. कोरलेला वाघ, वर चंद्र-सूर्य, ओला शेंदूर. उचलून मागची बाजू बघू नका. जागेवरून हललेली वस्तू मुकी होते, हे सरांनी पहिल्याच तासाला सांगितलं होतं. शिवाय शेंदूर ओला आहे, म्हणजे हा अजून देव आहे, नमुना नाही. पाड्यावरच्या आजोबांना आधी रामराम करा.

3. भाषणात कुणीतरी शिरपामाळ काढेलच. 1664 साली सुरतेला निघालेले शिवाजी महाराज इथे थांबले, असं जव्हारकर सांगतात. सर विचारतील, ''ऐकलंस की पाहिलंस?'' ऐकलेलं वहीच्या डाव्या पानावर, पाहिलेलं उजव्या. खोडायचं काहीच नाही.

4. गौरवग्रंथाची घाई नको. डेक्कन कॉलेजचे हसमुख सांकलिया 1973 ला निवृत्त झाले, शिष्य शां. भा. देव आणि म. के. ढवळीकर यांनी संपादलेला गौरवग्रंथ आला 1985 ला. पण खरा सत्कार इनामगावात चालला होता. 1968 ला सुरू झालेलं ते उत्खनन सांकलिया निवृत्त झाले म्हणून थांबलं नाही. शिष्य घरांच्या जमिनी, चुली, जळके दाणे, जमिनीखाली रांजणात पुरलेली पोरं नोंदवत राहिले. 1988 च्या अहवालावर ढवळीकर, सांकलिया, अन्सारी अशी तिन्ही नावं आहेत. शालीला हे जमत नाही.

5. तरी शाल द्याच. मात्र सापडलेल्या प्रत्येक वस्तूसारखी तिलाही चिठ्ठी लावा. स्थळ: जव्हार. तारीख: आजची. थर: सर्वांत वरचा.

सर चष्मा वर करून चिठ्ठी वाचतील, खिशातलं पेन काढतील आणि 'खोली' लिहायची राहिली म्हणून ओरडतील. समारंभ यशस्वी झाला.