ओढ्यापलीकडच्या शाळेवर रुजू होताना

रायगड जिल्ह्यातल्या नवनियुक्त शिक्षण सेवकांसाठी. आदेशावर 'ता. कर्जत' किंवा 'ता. खालापूर' वाचून घरच्यांनी "म्हणजे मुंबईजवळच की!" म्हणून पेढे वाटले असतील, तर ते परत मागू नयेत. मुंबई जवळच आहे. कर्जतहून लोकल दिवसभर सुटतात. आपली शाळा मात्र कशेळ्याच्या पुढे, मिनिडोर जिथून वळून परत फिरते त्याच्याही पुढे, ओढ्याच्या पलीकडे आहे. खालापूर मिळालं असेल तर वऱ्हांड्यातून द्रुतगती मार्ग छान दिसतो. त्यावरून वाडीला फाटा काढायचं २००२ साली कुणाला सुचलं नाही, एवढंच. जून ते सप्टेंबर ही शाळा बेटावर असते असं समजून चालावं. समुद्रातल्या बेटाला निदान बोट असते.

आपण बहुधा लातूर, बीड किंवा परभणीकडचे असाल. टँकरची वाट पाहत वाढलेल्या माणसाला शासनाने इथे का पाठवलं, याचा विचार करू नये. छत्री विकत घेऊ नये, पहिल्याच आठवड्यात ती उलटी होते. चामड्याचे बूट लग्नासाठी जपून ठेवावेत. हजेरीपट, पोषण आहाराची नोंदवही आणि मोबाईल यांच्यासाठी युरियाची रिकामी गोणी उत्तम. ती आतून धुऊन घ्यावी, नाहीतर हजेरीपटाला बाराही महिने वास येतो. ज्वारीच्या भाकरीची आठवण मनातच ठेवावी. इथे भाकरी तांदळाची, आणि ती कशी थापतात हे विचारलं की वाडीतल्या बायका पदर तोंडाला लावून हसतात. ओळख होण्याचा हा सोपा मार्ग आहे.

ओढा ओलांडण्याविषयी. पावसाळ्यात धरणं-धबधब्यांवर प्रशासन मनाई आदेश काढतं. पाण्यात उतरलेल्या पर्यटकाला पोलीस काठीने बाहेर काढतात. तशाच पाण्यात आपण गोणी डोक्यावर घेऊन उतरलात तर त्याला 'वेळेवर उपस्थिती' म्हणतात. पाणी गुडघ्याच्या वर असेल तर ओलांडू नये. हे मात्र गांभीर्याने लिहिलं आहे. पलीकडे उभा असलेला म्हातारा हात हलवून "नको" म्हणाला, की केंद्रप्रमुखांचा फोन आला तरी परत फिरावं. त्या पाण्याचा त्याचा अनुभव कुणाच्याही सेवाज्येष्ठतेपेक्षा मोठा असतो.

विजेची अपेक्षा ठेवू नये. खोपोलीत १९१५ पासून आणि भिवपुरीत १९२२ पासून टाटांची वीज तयार होते, आणि ती मुंबईला जाते. शाळेवरून तारा जातात, त्या मुलांना 'सरळ रेषा' शिकवायला उपयोगी पडतात. रेंजसाठी वाडीच्या वरच्या अंगाला एक दगड असतो. किती मुलं जेवली हा आकडा रोज तिथे चढून भरावा. आकडा चढेपर्यंत खिचडी थंड होते. म्हणून आधी जेवावं.

वाटपाला येणाऱ्या मंडळींचा सन्मान करावा. फार्महाऊसवाले, ट्रेकवाले, कंपनीवाले पावसाळी शनिवार-रविवारी येतात. सगळे दप्तरंच आणतात. एकेका पोराकडे तीन दप्तरं आणि चप्पल एकही नाही, असं चित्र दिसलं तरी फोटोत मुलांना ओट्यावर बसवावं, म्हणजे पाय झाकले जातात.

आता मुख्य विषय, हजेरी. नवा गुरुजी रिकामा वर्ग पाहून घाबरतो आणि पालकांना 'शिक्षणाचे महत्त्व' सांगायला निघतो. तसं करू नये. पहिला दणदणीत पाऊस पडला की मासे अंडी घालायला ओढ्यांतून, शेतांतून वर चढतात. ही वलगण. त्या दिवशी अख्खी वाडी पाण्यात असते. "गुरुजी, पोरां वलगणीला गेलीत," असं कुणी सांगितलं तर रजेचा अर्ज मागू नये. संध्याकाळी शाळेच्या दारात मासे येतात, तोच अर्ज. पुढे लावणी. मग कंटोली घेऊन आईबरोबर कर्जत-नेरळच्या बाजारात बसणं. लांब तिकडे कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली होती. आपल्याकडे तशी तरतूद नाही, पण बांधावर बसून पाढे म्हणून घ्यायला कुठल्याही परिपत्रकाची आडकाठी नाही.

खरी परीक्षा दिवाळीनंतर असते. कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर निघतात आणि वर्ग अर्धा होतो. तेव्हा धावपळ करणारा गुरुजी चार महिने उशिरा जागा झालेला असतो. ही गैरहजेरी पावसाळ्यात ठरते, जेव्हा कोठारातलं धान्य संपतं, कुणी आजारी पडतं, आणि मुकादम उचल घेऊन दारात येतो. एकदा पैसे घेतले की दिवाळीनंतर अंगमेहनतीने फेडायचे, आणि त्यात पोरंही माती तुडवायला लागतात. त्यामुळे वाडीत मुकादमाची मोटारसायकल कुणाच्या दारात थांबली, हे ऑगस्टमध्ये पाहून ठेवावं. जानेवारीचा हजेरीपट त्याच दिवशी भरता येतो.

उपाय एकच आहे आणि तो प्रशिक्षणात शिकवत नाहीत: आजी. आजी वाडीत थांबली तर नातवंडं थांबतात. तिला पानसुपारी द्यावी, तिच्या गुडघ्यांची चौकशी करावी, पोषण आहारात पोराचं पोट भरतं हे पटवावं. न जमल्यास निघणाऱ्या मुलाला शिक्षण हमी पत्रक द्यावं. ते दाखवलं की भट्टीजवळच्या शाळेत बसता येतं, असं पत्रकावर लिहिलेलं आहे.

२ जानेवारीला भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांचा हुतात्मा दिन. १९४३ साली दोघे सिद्धगडावर इंग्रजांच्या गोळ्यांना बळी पडले. शेतकऱ्याने सावकाराच्या दारी जाऊ नये म्हणून कोतवालांनी धान्यकोठी काढली होती, हे भाषणात आवर्जून घ्यावं. भाषण दोन मुलींकडून पाठ करून घ्यावं, कारण त्यातली एक तोवर भट्टीवर असते.

मेअखेर मुलं परत येतात, गणवेश आखूड झालेला असतो. अध्ययन स्तर तपासताना कार्डावरची संख्या वाचता न येणारा मुलगा हजारी दराने बापाच्या विटांचा हिशेब तोंडी सांगतो. याला तपासणी तक्त्यात रकाना नाही, शोधू नये. उलट त्याला जवळ बसवून मुकादमाची वही त्याच्याकडून तपासून घ्यावी. तीत चूक सापडतेच, आणि ती नेहमी एकाच बाजूला असते.