मथळ्यांची कचेरी

वर्षाची वर्गणी आगाऊ भरून चुकलेल्या, आणि म्हणूनच अंक शेवटच्या पानावरील मुद्रकाच्या नावापर्यंत वाचून काढल्यावाचून आपले पैसे फिटत नाहीत अशी दृढ समजूत बाळगणाऱ्या वाचकापुढे ज्या काळी लेख ठेवावयाचा असे, त्या काळी मथळा बांधणे हे फारसे कसबाचे काम नसावे, असा एक समज आमच्या व्यवसायातील नव्या पिढीत रूढ झाला आहे; आणि जुन्या अंकांची दप्तरे चाळणाऱ्यास तो सर्वस्वी निराधारही वाटणार नाही. 1908 सालच्या मे महिन्याच्या 12 तारखेस ‘केसरी’त जो अग्रलेख आला त्याचे नाव ‘देशाचे दुर्दैव’, आणि 9 जूनच्या अग्रलेखाचे नाव ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’. कोणता देश? कसले दुर्दैव? उपाय कोणते, आणि ते कोणी योजिले? मुजफ्फरपूरच्या बाँबने साऱ्या हिंदुस्थानात खळबळ उडालेली असता मथळ्यात त्या गावाचे नाव नाही, ‘बाँब’ हा शब्द नाही, साल नाही, ‘जाणून घ्या’ नाही, की शेवटी एखादे उद्गारचिन्हही नाही. असल्या मथळ्यांचे लेख आज कोणासही सापडले नसते. त्या वेळी मात्र ते सरकारास नेमके सापडले, आणि 22 जुलै रोजी न्यायमूर्ती दावर यांनी टिळकांस सहा वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा फर्माविली.

हे लेख सापडले ते मथळ्यामुळे नव्हे, तर बंदोबस्तामुळे. मुंबई इलाख्याच्या सरकारने देशी वर्तमानपत्रे वाचून त्यांचा इंग्रजी गोषवारा आठवड्याच्या आठवड्यास वरिष्ठांपुढे रुजू करण्यासाठी पगारी भाषांतरकार तैनातीस ठेविले होते. मथळा कसाही असो, वाक्ये कितीही लांब असोत, छपाई कितीही पुसट असो, हे गृहस्थ प्रत्येक लेख इमानेइतबारे अखेरपर्यंत वाचीत, त्यातील व्यंग्यार्थ समजावून घेत, आणि लेखकास अभिप्रेत नसलेला अर्थही कधीकधी पदरचा घालीत. इतका आस्थेवाईक वाचक मराठी पत्रसृष्टीस त्यानंतर लाभलेला नाही, हे येथे सखेद नमूद करणे भाग आहे.

त्या भाषांतरकाराच्या गादीवर आता ‘गूगल’ नावाची कचेरी बसली आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील दोन विद्यार्थ्यांनी 1998 साली तिची स्थापना केली. कोणत्या पानाकडे इतर किती पाने अंगुलिनिर्देश करतात, आणि त्या निर्देश करणारांची स्वतःची पत काय, यावरून पानाची योग्यता ठरवावी ही तिची मूळ युक्ती. अर्थात् जामीनदार पाहून कर्ज मंजूर करण्याची आपल्या सावकारांस पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असलेली रीतच तिने गणिताच्या भाषेत मांडली. पुढे कानू वाढत गेले, पोटकलमे जडली, आणि आजमितीस त्या कचेरीचा संपूर्ण जाबता कोणाही बाहेरच्या माणसास अवगत नाही. प्रत्येक मराठी लेखकाने मात्र आपल्या मजकुराचा अर्ज तेथेच गुदरावयाचा, आणि त्या अर्जाचा जो मायना, त्यालाच मथळा म्हणावयाचे.

या मायन्याचे नियम आम्हांस आमच्या एका तरुण स्नेह्याने समजावून दिले. हे गृहस्थ एका वृत्तसंस्थळाच्या ‘डेस्क’वर असतात, आणि बातमी काय आहे याची चौकशी करण्यापूर्वी ‘ट्रेंड’ काय आहे याची चौकशी करतात. त्यांच्या सांगण्यावरून असे कळले की, हल्ली प्रत्येक लेखास दोन मथळे असतात: एक पानावर ठळक अक्षरांत दिसणारा, माणसांसाठी, आणि दुसरा पानाच्या पोटात दडविलेला, यंत्रासाठी. शोधाच्या यादीत बहुधा हा दुसराच झळकतो. तेथे मथळ्यास ठराविक रुंदीची पट्टी मिळते, ती संपली की पुढील मजकुरावर तीन टिंबांची कुऱ्हाड पडते. म्हणून साठ अक्षरांच्या आत सारे आटोपावे असा त्या व्यवसायात प्रघात आहे.

आता हा साठाचा आकडा रोमन लिपीच्या हिशेबाने बसविलेला असल्यामुळे आपल्या देवनागरीची त्यात जी त्रेधा उडते, ती विस्ताराने सांगण्याजोगी आहे. ‘शेतकऱ्यांच्या’ हा शब्द घ्यावा. डोळ्यांस तो पाच अक्षरांचा दिसतो. यंत्राच्या खातेवहीत मात्र काना, मात्रा, अनुस्वार आणि हलन्त यांची पृथक् नोंद होऊन त्याची तेरा चिन्हे भरतात. इतकेच असते तरी चालले असते. परंतु त्यातील जो अर्धा ‘र’ आडवा होऊन ‘य’ला बिलगतो, तो संगणकात दोन निरनिराळ्या रीतींनी जुळविता येतो: एका रीतीने त्या ‘र’साठी स्वतंत्र चिन्ह आहे, तर दुसऱ्या रीतीने साध्याच ‘र’पुढे एक न दिसणारे जोडचिन्ह टाकावे लागते, आणि मग तोच शब्द चौदांचा होतो. कागदावर दोन्ही शब्द हुबेहूब सारखे. यंत्राच्या दप्तरी मात्र ते दोन भिन्न इसम. महाराष्ट्रातील वर्तमानपत्रांत जो शब्द अतिवृष्टी, कर्जमाफी, हमीभाव आणि निवडणूक या चारही ऋतूंत मथळ्यावर चढतो, त्याच शब्दास असा दुहेरी जन्मदाखला मिळावा, हा निव्वळ योगायोग मानावयास आमचे मन धजत नाही.

“सर, लोक जे शब्द शोधतात तेच मथळ्यात पहिले आले पाहिजेत,” असे आमचे स्नेही म्हणाले. “लोक अशुद्ध लिहून शोधत असतील तर आपणही अशुद्ध लिहायचं.”

“आणि लोकांना आपल्याला काय शोधावयाचे आहे हेच ठाऊक नसेल तर?”

“मग ‘व्हायरल’ घालायचं.”

येथपर्यंत ऐकून कोणाही सुसंस्कृत माणसास वाटेल की, हा सारा अनाचार त्या परदेशी कचेरीच्या हुकुमावरून चालला आहे, आणि बिचारे मराठी संपादक केवळ पोटासाठी तिच्या दारात तिष्ठत उभे आहेत. आमचाही कल आरंभी तिकडेच होता. म्हणून त्या कचेरीने प्रसिद्ध केलेली मार्गदर्शिकाच आम्ही काढून वाचली, आणि आमची पुरती निराशा झाली. तीत लिहिले आहे की, मथळा वर्णनात्मक व संक्षिप्त असावा; त्यावरून आत काय आहे ते कळावे; एकच शब्द पुनःपुन्हा कोंबू नये; प्रत्येक पानाचा मथळा निराळा असावा. पानाच्या उदरात शोधशब्दांची जी गुप्त यादी पूर्वी भरीत असत, ती आपण क्रमवारीसाठी वाचीतच नाही असेही त्या कचेरीने 2009 साली जाहीर करून टाकले आहे. तरी ती यादी आजतागायत भक्तिभावाने भरणारी मंडळी आहेत, कारण उगवत्या अधिकाऱ्यापेक्षा मावळत्या अधिकाऱ्याचा नजराणा चुकविणे आपल्याकडे अधिक अशुभ समजतात. तात्पर्य, यंत्राची मागणी एवढीच की, वस्तूचे नाव वस्तूस द्यावे. ही मागणी समर्थांनी तीन शतकांपूर्वीच पुरी करून ठेविली होती. ‘दासबोधा’चे वीस दशक, प्रत्येकाचे दहा समास, असे दोनशे समास; आणि त्यांची नावे पाहावीत तर ‘मूर्खलक्षण’, ‘पढतमूर्खलक्षण’, ‘लेखनक्रियानिरूपण’. जे नावात तेच पोटात. मूर्खाची लक्षणे हवी असलेल्या माणसास ती आरंभीच्या नमनाच्या थोड्या ओव्या आटोपताच मिळू लागतात. आधी मूर्ख म्हणजे काय, मूर्खांचा इतिहास, आणि मूर्खांविषयी नेटकऱ्यांच्या प्रतिक्रिया असली उपोद्घाताची तटबंदी ओलांडावी लागत नाही.

आमच्या डेस्कांनी मात्र या नियमांचा पूर्वार्ध तेवढा स्वीकारला. लोक जो प्रश्न विचारतात तो मथळ्यात उचलून ठेवावा, हे मान्य; त्याचे उत्तर लेखात द्यावे, हे कलम अनवधानाने गळले. या पद्धतीचे आद्यपीठ अमेरिकेत. 2011 साली तेथील ‘हफिंग्टन पोस्ट’ने ‘सुपर बोल किती वाजता सुरू होतो?’ अशा अर्थाचा मथळा देऊन एक मजकूर छापिला, आणि फुटबॉलच्या त्या महासामन्याची वेळ विचारणाऱ्या साऱ्या राष्ट्राचा लोंढा आपल्या अंगणात वळविला. त्या लेखाची चेष्टा पुष्कळ झाली, पण त्यांनी वेळ सांगितली होती, हे विसरता कामा नये. आमच्याकडे ‘दहावीचा निकाल कधी लागणार? तारीख आली समोर’ या मथळ्याखाली काय असते ते प्रत्येक पालकाने अनुभविले आहे. प्रथम निकालाकडे लाखो विद्यार्थ्यांचे डोळे लागल्याचे वर्तमान. नंतर मंडळाच्या नऊ विभागांची नावे. नंतर निकाल लागल्यावर तो कसा पाहावा याच्या पायऱ्या, त्यांतील एक पायरी ‘आपला आसनक्रमांक टाका’ अशी. नंतर मागील वर्षीच्या टक्केवारीचे स्मरण. मध्ये सोन्याच्या आजच्या भावाची जाहिरात. आणि अगदी शेवटी, जेथवर फक्त परीक्षार्थीची आईच पोहोचू शकते तेथे, ‘मंडळाने अद्याप अधिकृत घोषणा केलेली नाही’ हे वाक्य. म्हणजे समोर आलेली तारीख ही वास्तविक न आलेली तारीख होय. असा मजकूर सिद्ध करावयास अंगी फार मोठा संयम लागतो. अग्रलेख लिहिणारांपैकी पुष्कळांस तो साधला नसता.

याहून भयंकर शाखा आहे ती अवगुंठनाची. ‘‘या’ अभिनेत्रीने सोडली मालिका’, ‘‘ही’ बँक देतेय सर्वाधिक व्याज’, ‘आंघोळीच्या पाण्यात टाका ‘ही’ एक गोष्ट’: दर्शक सर्वनामास अवतरणचिन्हांच्या दोन पोलिसांमध्ये उभे करून त्याच्या तोंडावर बुरखा घालावयाचा, आणि वाचकास ओळखपरेडीसाठी आत बोलावावयाचे. ही विद्याही प्रथम अमेरिकेत फोफावली. 2012 साली निघालेल्या ‘अपवर्दी’ नामक संस्थळाचा दंडकच असा होता की, एका मजकुरासाठी लेखकाने पंचवीस मथळे लिहावेत, आणि त्यांतून उत्कंठा सर्वांत अधिक ताणणारा निवडावा. ‘फेसबुक’ने 2016 च्या ऑगस्टमध्ये अशा हातचे राखून लिहिलेल्या मथळ्यांना दाबण्याचा हुकूम काढला, आणि अमेरिकेतील बाजार पुष्कळसा बसला. मराठीत तो अद्याप तेजीत आहे. गंमत ही की, शोधयंत्राच्या दृष्टीने हा मथळा कवडीमोल ठरतो. कारण जगाच्या आरंभापासून कोणीही भला माणूस ‘या’ किंवा ‘ही’ असे लिहून शोध करावयास बसलेला नाही. जी अभिनेत्री शोधावयाची तिचेच नाव मथळ्यातून हद्दपार! तेव्हा हा प्रपंच यंत्रासाठी नव्हे, वाचकाच्या मनात खाज उत्पन्न करण्यासाठी चालतो हे उघड आहे. आणि त्याबद्दल ‘गूगलच असे मागते हो’ म्हणून हळहळणे म्हणजे दुपारची झोप स्वतः काढून गैरहजेरीचा ठपका घड्याळावर ठेवणे होय.

तथापि कालप्रवाहास विरोध करून उपयोग नाही, हे जाणून आम्ही आमच्या स्नेह्यांस विनंती केली की, मराठी गद्याचा जुना ऐवज या नव्या जाबत्याप्रमाणे फेरफार करून त्यांनी नव्या पिढीच्या स्वाधीन करावा. त्यांनी अर्ध्या तासात जे काम उरकले त्याचा नमुना असा. लोकहितवादींनी ‘प्रभाकर’ पत्रात 1848 पासून लिहिलेल्या पत्रांस ‘शतपत्रे’ म्हणतात, वस्तुतः ती भरली एकशेआठ, या आठ पत्रांच्या नुकसानीने आमचे स्नेही व्यथित झाले, आणि त्यांनी तेथे ‘108 पत्रे, ज्यांनी पुण्यात उडवली खळबळ, 37 वे वाचून बसेल धक्का’ अशी दुरुस्ती केली. सदतिसाव्या पत्रात काय आहे असे विचारता, “ते वाचणारा बघेल,” म्हणाले. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या ‘आमच्या देशाची स्थिति’ या निबंधाचे ‘देशाची स्थिती 2025: 5 मुद्द्यांत समजून घ्या’ असे झाले, तो निबंध एकोणिसाव्या शतकातला आहे, ही हरकत त्यांनी ‘अपडेटेड’ हा शब्द जोडून निकालात काढली. हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो’ या कादंबरीपुढे मात्र ते थबकले. प्रश्न आहे, उत्तर नाही, ‘कोण’ म्हणून नाव झाकलेले आहे: असा निर्दोष मथळा 1890 च्या सुमारास कोणास सुचला असेल यावर त्यांचा विश्वास बसेना. त्यांनी ‘कोण’ला अवतरणचिन्हे लावली आणि पुढे सरकले. ‘मूर्खलक्षण’ समासास त्यांनी दिलेले नाव, ‘यांपैकी किती लक्षणे तुमच्यात आहेत?’, हे आम्हांस मुळापेक्षाही मर्मभेदी वाटले, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

इकडे ही कारागिरी शिगेस पोहोचत असता कचेरीने आपले धोरण बदलण्यास प्रारंभ केला आहे. लेखकाने दिलेला मथळा मजकुराशी जुळत नसेल तर तो बाजूस सारून पानावरील दुसराच योग्य मजकूर मथळा म्हणून यादीत मांडण्याची वहिवाट तिच्याकडे पूर्वीपासून होतीच. ऑगस्ट 2021 मध्ये तिने त्यासाठी नवी पद्धती अमलात आणल्याचे जाहीर केले, आणि उपसंपादकाची कात्री यंत्राच्या हाती गेली. 2024 साली तर कहर झाला. प्रश्नाचे उत्तर अनेक पानांतून वेचून ते स्वतःच सर्वांत वर छापण्याचा प्रकार त्या वर्षी भारतातही सुरू झाला. जे उत्तर आमच्या डेस्कांनी आठशे शब्दांच्या तळघरात, तीन जाहिरातींच्या पहाऱ्यात, जिवापाड जपून ठेविले असते, ते हे यंत्र दोन ओळींत, फुकट, आणि आत न बोलाविता देऊन टाकते. वाचक आला नाही तर जाहिरात कोणास दाखवावयाची? हे आमच्या वतनावर अतिक्रमण आहे असा कल्लोळ जगभर उठला आहे, आणि मजकूर इतरांनी मेहनतीने जमवावयाचा व उत्पन्न कचेरीने खावयाचे, ही तक्रार काही अगदीच खोटी नव्हे. ज्यांनी खरोखर तारीख शोधून काढली, मंडळाच्या दारात जाऊन चौकशी केली, त्यांच्या तोंडचा घास यात जातो, आणि त्यांच्याविषयी आम्हांस खरोखरीचे वाईट वाटते.

उरलेल्यांसाठी आमचे स्नेही सध्या एक सविस्तर फिर्याद लिहिण्यात गढले आहेत. कोणाविरुद्ध, कोणत्या कायद्यान्वये, किती रकमेची, हे त्यांनी अद्याप सांगितलेले नाही. मसुद्याचा मथळा तेवढा पाठविला आहे: ‘‘या’ कंपनीने मराठी माध्यमांसोबत केले ‘हे’ कृत्य. रक्कम ऐकून व्हाल थक्क!’ दाखल करून घेणाऱ्या कारकुनाने प्रतिवादीचे नाव विचारले तर काय कराल, असे आम्ही कळविले. उत्तर आले की, ते दुसऱ्या पानावर आहे. आधी त्यांना पुढे क्लिक करावे लागेल.